ल्युपसमध्ये डोकं चालेनासं होतं तेव्हा

ल्युपस झालेल्या बाईची सांधेदुखी घरच्यांना दिसते. गालांवरची लाली दिसते, गळणारे केस दिसतात, रक्ताचा रिपोर्ट तर हातात धरून वाचता येतो. विसरणं दिसत नाही. दिसतो तो त्यातून झालेला घोळ: उतू गेलेलं दूध, दोनदा भरलेलं लाइट बिल, शाळेतल्या पालकसभेची हुकलेली तारीख. मग घरात एकच शेरा ऐकू येतो, ‘हिचं लक्षच नसतं.’

गंमत म्हणजे हा शेरा वैद्यकीयदृष्ट्या बराचसा बरोबर आहे. ल्युपसने डोक्यावर परिणाम केला, की बहुधा आधी फटका बसतो तो लक्षाला आणि विचारांच्या वेगाला. चुकतं ते एवढंच, की घरचे त्याला स्वभावदोष समजतात.

ल्युपसचं पूर्ण नाव सिस्टिमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त, मेंदू असं कुठेही सूज आणते. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ बायका असतात आणि बहुतेकींना आजार गाठतो तो १५ ते ४५ या वयात. म्हणजे पोरं लहान, सासू-सासरे थकलेले, नोकरी किंवा बागायत अंगावर, नेमक्या त्याच काळात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने १९९९ साली ल्युपसमुळे मेंदूत आणि मज्जासंस्थेत होणाऱ्या १९ त्रासांची यादी केली. विचारशक्ती आणि स्मरणशक्ती मंदावणं हा त्यातलाच एक. किती जणींना हा त्रास होतो, त्याचे आकडे अभ्यासागणिक बरेच बदलतात, कारण प्रत्येकाची चाचणी वेगळी. पण हा त्रास दुर्मीळ नाही आणि ‘मनाचे खेळ’ तर नाहीच नाही.

विसरलं की नोंदलंच नाही?

माझी वहिनी मालवणजवळ राहते. तिला ल्युपस आहे. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. बांगड्याचं सार करायचं होतं. खोबरं, धणे, मिरच्यांचं वाटप झालं, तिरफळं ठेचून झाली, टोपात फोडणी बसली. तेवढ्यात मुंबईहून नणंदेचा फोन, गणपतीच्या गाडीची तिकिटं मिळाली का म्हणून. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने स्वयंपाक चालूच. फोन ठेवला आणि वहिनी टोपाकडे बघत थांबली. मीठ घातलं होतं का? सोलं (कोकमं) पडली होती का? त्याच वेळी पडवीतून दादाची हाक आली, “गो, ती कर्जाची वही खय ठेवलंस?” वहिनी म्हणाली, “माका आठवणा नाय.” दादा म्हणाला, “मगाशीच इचारलंय मा तुका!”

सोलं पडली होती. मी बघितली होती. पण ती टाकत असताना तिचं सगळं लक्ष फोनवर होतं आणि मेंदूने त्या कृतीची नोंदच घेतली नाही. जे नोंदलंच गेलं नाही, ते ‘आठव बघू’ म्हणून आठवणार कसं? तुम्हा-आम्हालाही असं होतं, पण आपल्याला दोन-तीन गोष्टी एकदम सांभाळता येतात. ल्युपसमध्ये ही क्षमता आखडते. दुकानदाराने सांगितलेली रक्कम पैसे काढेपर्यंत डोक्यात राहत नाही, लांबलचक वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते. ओळखीचा शब्द जिभेवर येऊन अडतो. चार पायऱ्यांचं काम असेल तर कुठल्या पायरीवर आहोत तेच कळेनासं होतं. जुन्या आठवणी मात्र बहुधा शाबूत असतात. वहिनीला तिच्या लग्नातली पंगत वाढप्यांसकट आठवते.

यामुळे अनेक जणी एका भीतीने ग्रासलेल्या असतात: आजीला झाला होता तो विसरण्याचा आजार मला चाळिशीतच लागला की काय? स्मृतिभ्रंश सहसा वर्षागणिक वाढत जातो. ल्युपसमधला हा त्रास बहुतेकींमध्ये सौम्य असतो आणि कमी-जास्त होत राहतो. आजार उसळला, झोप बिघडली, अंग थकलं की वाढतो, पुन्हा ओसरतो. ही एक गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितली, तरी निम्मं दडपण उतरेल असं मला वाटतं. बहुतेक वेळा ती सांगितली जात नाही.

मेंदूत नेमकं काय होतं

खाडीकाठच्या भातशेतीला खारबंधारा असतो. भरतीचं पाणी बंधाऱ्याबाहेर कितीही चढलं तरी आतल्या भाताला काही होत नाही. बंधाऱ्याला खांड पडलं की मात्र खारं पाणी आत शिरतं आणि शेत जळतं. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची भिंत असंच काम करते. रक्तातले बरेच पदार्थ ती आत येऊ देत नाही.

न्यूयॉर्कमधल्या डॉ. बेटी डायमंड यांच्या गटाने २००१ साली दाखवलं, की ल्युपसमध्ये डीएनएविरुद्ध तयार होणाऱ्या काही अँटिबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं, मेंदूतल्या चेतापेशींवरच्या एका ग्राहकालाही (रिसेप्टर, पेशीवरची संदेश घेणारी जागा) चिकटतात. हा ग्राहक शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या कामातला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अशा अँटिबॉडी नुसत्या रक्तात फिरत असल्या तर मेंदूला काही होत नाही. जंतुसंसर्गासारख्या कारणाने भिंत सैल झाली, की त्या आत शिरतात आणि स्मरणशक्तीच्या भागातल्या पेशी मारतात. माणसांमध्ये सगळं इतकं सरळ नाही, पण आजार उसळल्यावर किंवा ताप येऊन गेल्यावर डोकं जड का होतं, याचा अंदाज यावरून येतो.

दुसरा रस्ता गुठळ्यांचा. काही रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतात. त्यांच्यामुळे रक्त गोठण्याकडे झुकतं आणि मेंदूच्या बारीक वाहिन्या तुंबू शकतात. याची रक्ततपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली, तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. ल्युपस असून ही तपासणी झालीच नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा, कारण यावरचे उपाय वेगळे आहेत.

पण माझ्या मते घरच्यांनी जास्त वेळ द्यावा तो तिसऱ्या गटाला: ल्युपसच्या आडून डोकं जड करणाऱ्या साध्या, बऱ्या होणाऱ्या गोष्टींना. हिमोग्लोबिन कमी असेल तर लक्ष लागत नाही. थायरॉइड मंदावलं तर विचारही मंदावतात, आणि ल्युपस असलेल्यांमध्ये थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. बी-१२ कमी असेल तरी तेच. आमच्याकडे रोज मासे असतात म्हणून बी-१२ तपासायलाच नको, असं समजू नये. दुखण्याने रात्री चार वेळा जाग येत असेल, तर सकाळी कुणाचंही डोकं चालणार नाही. उदासीनता हे तर मोठंच कारण. आपल्याकडे ती ‘हल्ली कशात रस नाही तिला’ एवढ्यावर संपते, उपचारापर्यंत जात नाही.

औषधंही तपासून घ्यावी लागतात. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, दुखण्यासाठी रात्री दिली जाणारी काही औषधं यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी राहू शकते. स्टिरॉइडचा डोस मोठा असेल तर झोप उडते, मन चिडचिडं होतं, विसरायलाही होतं. पण म्हणून कुणी स्टिरॉइड मनाने बंद करू नये. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं, तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवतात.

कधी थांबायचं नाही

हा मजकूर घरातल्या दुसऱ्या माणसाने वाचायचा आहे, कारण त्या वेळी रुग्णाला स्वतःला काही कळेलच असं नाही. अचानक गोंधळून जाणं, माणसं न ओळखणं, फिट येणं, नसलेले आवाज ऐकू येणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं: यातलं काहीही झालं तर ‘ल्युपसचंच असेल’ म्हणून सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा.

ताप आणि गोंधळ एकत्र आले तर विशेष घाई करावी. ल्युपसची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून जंतुसंसर्ग पटकन बळावतो. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असतेच. लावणीला उतरलेल्या, स्टिरॉइड घेणाऱ्या बाईला ताप आला, तर तिने पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढू नयेत.

डॉक्टरांची दहा मिनिटं

कोकणात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवात आणि ल्युपससारख्या आजारांचा तज्ज्ञ, गाठायचा म्हणजे पहाटेची गाडी. सिंधुदुर्गातली बरीच माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, बाकीची कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. इतका प्रवास करून खुर्चीत बसल्यावर ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘बरं आहे.’ डोक्याचा त्रास सांगायचा होता, तोच नेमका विसरतो.

म्हणून कागद न्यावा. ‘स्मरणशक्ती कमी झाली’ असं मोघम लिहू नये, घडलं ते लिहावं. ‘रात्रीची गोळी घेतली की नाही ते आठवलं नाही, आठवड्यात दोनदा.’ ‘पतपेढीत रोकड मोजताना कुणी बोललं की पहिल्यापासून मोजावं लागतं.’ ‘बाजारातून घरी यायचा रस्ता क्षणभर सुचला नाही.’ सोबत येणाऱ्याने त्याला काय दिसतं तेही लिहावं. दोघांच्या कागदांत फरक पडतो, आणि डॉक्टरांना तो फरकही उपयोगी पडतो.

डॉक्टर दहा मिनिटांची छोटी चाचणी घेतील: घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. त्यात चांगले गुण मिळाले म्हणजे त्रास खोटा, असं नाही. शिकलेली, तरुण बाई ही चाचणी सहज पार करते आणि तरी ऑफिसात धडपडते. बारकाईने मोजायचं तर मानसशास्त्रज्ञांकडची दोन-तीन तासांची चाचणी असते, तिच्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. एमआरआय अनेकदा स्वच्छ येतो. तो गुठळ्या किंवा इतर काही नाही ना, हे बघायला काढतात. विसरणं त्यात दिसत नाही.

आणि गोळी? केवळ या त्रासासाठी खात्रीचं औषध आज नाही. अल्झायमरमध्ये देतात ते मेमँटिन ल्युपसमध्ये वापरून पाहिलं गेलं, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. उपयोग होतो तो मूळ आजार ताब्यात ठेवण्याचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर रोज घ्यावं, डोळ्यांची तपासणी सांगितल्याप्रमाणे करावी. उन्हाने ल्युपस उसळतो, म्हणून सुकी मासळी ओट्यावर पसरणं, आमसुलं वाळवणं ही कामं सकाळी लवकर किंवा दुसऱ्या कुणाकडे. दहा ते चार ऊन टाळायचं, पुऱ्या बाह्या आणि छत्री हवी. ढगाळ दिवशीही किरणं पोचतात, आणि रेतीवरून-पाण्यावरून उलटून येतात ती वेगळीच.

परसातल्या औषधांबद्दलही सांगायला हवं. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच उधळलेली असते, ती ‘वाढवणारा’ काढा कशाला? २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, पण ल्युपस असलेल्या माणसाने तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा काढा पिऊ नये.

डोक्यातलं काम घराला वाटून द्या

शब्दकोडी सोडव, पाढे म्हण, असा सल्ला सगळेच देतात. कोडी सोडवून कोडी सोडवणं सुधारतं. गोळी घेतली का, हे त्याने आठवत नाही. माझा भर दुसरीकडे आहे: डोक्यावर जेवढं कमी सोपवता येईल तेवढं कमी सोपवा. बाकीचं भिंतीला, डबीला, फोनला आणि माणसांना द्या.

भिंतीवरचं साधन प्रत्येक घरात आहेच. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय आपण एरवीही दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहायला वापरतो. तेच एकमेव ठेवावं. अर्धं फोनमध्ये, अर्धं वहीत, अर्धं पाकिटावर असं झालं की कुठे लिहिलं तेच शोधत बसावं लागतं. पेन दोरीने तिथेच बांधावं. घरातल्या इतरांनीही आपापली कामं त्याच चौकटीत लिहावीत, म्हणजे ती ‘आजाऱ्याची पाटी’ होत नाही.

गोळ्यांसाठी सात दिवसांचे कप्पे असलेली डबी घ्यावी, रविवारी दुसऱ्या कुणासोबत बसून भरावी. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात, आठवायचं कारणच नाही. इथे एक धोका ठळक सांगते. ल्युपसमध्ये काही जणींना मेथोट्रेक्सेट देतात आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. विसरणाऱ्या माणसाच्या हातात ही पट्टी मोकळी देऊ नये. वार पक्का करावा, असा की तो गावच सांगेल. वहिनीने आठवडा बाजाराचा दिवस धरला आहे. पट्टी दादाकडे असते, बाजारातून आल्यावर तो मोजून देतो आणि कालनिर्णयावर खूण करतो.

फोनचा गजर ‘टिंग’ वाजून उपयोग नाही, कशासाठी वाजला तेच आठवत नाही. गजराला नाव द्यावं: ‘रात्रीची गोळी’, ‘पंप बंद कर’. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच बोलून ठेवावं. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांना एकच जागा, दाराजवळचा खिळा किंवा टोपली. जागा बदलायची हुक्की आली तरी बदलू नये.

आणि एका वेळी एकच काम. वहिनीच्या स्वयंपाकघरात आता फोन येत नाही, तो पडवीत वाजतो. लागणारं सगळं आधी ओट्यावर डावीकडे मांडायचं, टोपात पडलं की रिकामी वाटी उजवीकडे. फोन येवो, पाहुणा येवो, मीठ पडलं की नाही ते वाटी सांगते. हिशेब, बँक, फॉर्म ही डोक्याची कामं सकाळी, झोप झालेली असताना. दुपारी चारनंतर तिला कुणी व्यवहाराचं विचारत नाही. रोज थोडं चालणं थकवा कमी करायला मदत करतं, तेही ती उजाडताना उरकते.

घरच्यांसाठी एवढंच: परीक्षा घेऊ नका. ‘सांग बघू, काल काय ठरलं होतं?’ यातून माणूस खजील होतो, आठवत काहीच नाही. दादा हल्ली विचारण्याऐवजी सांगतो, “वही कपाटात आसा, मी घेतलंय.” एका दमात तीन कामं सांगू नयेत. टीव्ही चालू असताना महत्त्वाचं बोलू नये. शब्द अडला तर लगेच पुरवू नये, दोन क्षण थांबावं, मग विचारावं. काहींना मदत हवी असते, काहींना राग येतो.

खरी कसोटी गणपतीत. चाकरमानी येणार, घर माणसांनी भरणार, मोदक, आरत्या, भजनी मंडळींचा चहा, आणि सगळ्याचं गणित एकाच बाईच्या डोक्यात. ल्युपस नसलेल्यांचीही दमछाक होते. जिथे हा आजार आहे, त्या घराने यादी श्रावणातच कागदावर उतरवावी, प्रत्येक कामापुढे नाव लिहावं, आणि त्या नावांत पुरुषांचीही असावीत. मधल्या दिवसांत तिने दुपारी दोन तास आतल्या खोलीत झोपायचं. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे, जागरणाने आजार उसळला तर दवाखान्याची फेरी त्यांना पडणार नाही.

नोकरीत सांगावं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. आजाराचं नाव न घेताही काही गोष्टी मागता येतात: तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी, रोकड मोजताना शांत जागा, फोन घ्यायला दुसरं कुणी. अंगणवाडीत काय आणि पतपेढीत काय, चांगला वरिष्ठ असेल तर यात पैशाचा खर्च नाही. वाईट वरिष्ठ असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडावं.

राहता राहिलं पाकीट. त्यात एक जाड कागदाची चिठ्ठी ठेवावी: ‘मला ल्युपस आहे’, चालू औषधांची नावं आणि डोस, स्टिरॉइड घेत असल्यास तो ठळक अक्षरांत, डॉक्टरांचा आणि घरच्या एका माणसाचा नंबर. औषध बदललं की चिठ्ठीही बदलायची, आणि हे काम डबी भरणाऱ्या माणसाकडे द्यायचं.